बिनकड्यांचा स्लॅब

पोपडा पडला तो बहिरूअण्णांच्या उशीपासून वीतभर अंतरावर. परातीएवढा सिमेंटचा तुकडा आणि त्याच्यामागून गंजाची लाल भुकटी. अण्णांचं उजवं अंग मागच्या वर्षी लुळं पडलेलं. त्यांची कूससुद्धा कुणाला तरी बदलून द्यावी लागते, मग छत पडताना बाजूला सरकणं तर लांबच. साळूबाई स्वयंपाकघरातून धावत आली, नवऱ्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसली, वर बघितलं, आणि थेट मारुतीरायाला असं काही बोलली की सून उज्वला लाटणं हातात तसंच धरून दारात उभी राहिली. जन्मभर कीर्तनात पुढच्या ओळीत बसलेली ही बाई. पण खरं सांगायचं तर देवाशी भांडायचा हक्क अशाच माणसाला असतो. ज्यानं कधी त्याचा उंबरा शिवला नाही, त्यानं भांडावं तरी कुणाशी?

आणि या भानगडीत मारुतीरायाचा संबंध होताच.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात असं हे गाव. साळूबाईचं घर आणि मारुती मंदिराचं आवार यांच्यामध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट. चैत्रात हनुमान जयंतीपर्यंत सप्ताह बसतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि सबंध आठवडा वीणा म्हणून खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. आवारावर जो कापडी मंडप पडतो त्याचे दोर एकीकडून देवळाला आणि दुसरीकडून साळूबाईच्या घराला. अण्णा वीजकेंद्रात वेल्डर होते. घर बांधलं तेव्हा त्यांनी मंडपासाठी जाडजूड लोखंडी कड्या स्वतःच्या हातानं वळवल्या आणि स्लॅब ओतायच्या आधी आतल्या सळयांनाच वेल्डिंग करून टाकल्या. देवाचा मंडप आपल्या घराला बांधला जाणार, मग कडी वाऱ्यानं उपटून यायला नको. गावानं कौतुक केलं. त्या वर्षी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी अण्णांना उभं करून नारळ दिला.

कड्या खरोखरच कधी उपटल्या नाहीत. त्यांनी स्लॅबच उपटत आणला.

पण हे कळायला वेळ लागला. घर गळायला लागलं तेव्हा आधी डांबर ओतून झालं, मग पांढरं केमिकल मारून झालं, मग गच्चीभर प्लॅस्टिक अंथरून झालं. उज्वला म्हणायची, आपली गळती पाहुण्यासारखी हे, दरसाल खोली बदलते पण मुक्काम सोडत नाय. मुलगा अमोल सिन्नरच्या कारखान्यात कामाला. पोपडा पडला त्या आठवड्यात तो सुट्टीच्या दिवशी ठेकेदाराला घेऊन आला आणि आईला म्हणाला की आता मलमपट्टी बास, स्लॅब तोडून नवा टाकू.

साळूबाई नाही म्हणाली. दुरुस्ती करा, भेगा भरा, अजून एकदा केमिकल मारा, पण तोडायचं नाही. अमोलनं कारण विचारलं तर तिनं दहा सांगितली. अण्णांना कुठं हलवायचं, धुरळा किती उडेल, उन्हाळा हां हां म्हणता सरेल, पाऊस अंगावर आला तर काय. खरं कारण तिनं सांगितलंच नाही, पण घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. अण्णा आजारी पडल्यापासून त्यांची खाट आवाराच्या बाजूच्या खिडकीशी होती. वर्षानुवर्षं सप्ताहातला पहाटेचा वीणेचा पहारा त्यांचा. आता वीणा गळ्यात घेता येत नाही, देवळापर्यंत चालता येत नाही, पण त्या आठवड्यात देऊळच खिडकीतून आत येतं. तेवढ्यासाठी तो माणूस बाकीचं वर्ष काढतो. स्लॅब तोडला की कड्या जाणार. कड्या गेल्या की मंडप कुठं बांधणार?

अमोल चिडला. म्हणाला, आई, तू मंडपाचं बघतेस का अण्णांच्या डोक्याचं? ती त्याच्यावर डाफरली, की तुझ्या जन्माआधीपासून त्यांच्या डोक्याचं मीच बघत आलेय. आणि मग हट्टानं दुरुस्तीवाल्या गवंड्याला वर घेऊन गेली.

गवंड्यानं एका कडीभोवतीचं सिमेंट छिन्नीनं उकरलं. साळूबाई शेजारी उकिडवी बसून बघत होती. कडी जिथं स्लॅबमध्ये शिरत होती तिथूनच भेगा निघाल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, चारी बाजूंनी. दुसऱ्या कडीपाशी तेच. तिसऱ्या कडीपाशी तेच. आतली सळई उघडी पडली तर तिचे पापुद्रे हातानं निघायला लागले. कापडी मंडपात वारा भरतो, आठवडाभर दोर ओढ देतो, कडी सळईला ओढते, सळई स्लॅबला ओढते, आणि मग पावसाळाभर त्याच फटीतून पाणी लोखंडाच्या अंगानं आत उतरतं. कडी नुसती कापून चालणार नव्हती, ती घराच्या हाडालाच जोडलेली होती.

साळूबाई खाली आली ती तणतणत. तिनं नवऱ्याच्या खाटेशी उभं राहून सगळं सांगितलं. एवढा हुशार वेल्डर, दुनियेचं लोखंड जोडलं, आणि आपल्या घराला जोडताना अक्कल कुठं गेली होती; कडी जोडली, पण डोकं वापरलं नाही; गावानं नारळ दिला आणि आपण घर दिलं. अण्णा ऐकत होते. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं असतं, त्यामुळे ते हसतायत की रडतायत हे पटकन कळत नाही. तिचं बोलून संपल्यावर त्यांनी डावा हात उचलून वर बोट केलं.

"नव्याला बी," ते कसेबसे म्हणाले, "कड्या."

साळूबाईला तिडीक आली. "डोक्यावर छत पडतंय तुमच्या. आणि अजून कड्याच पाहिजेत?"

"मंडप... जाईल."

त्यावर तिचा राग दुप्पट झाला. ती मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. उठली तेव्हा अमोलला म्हणाली, तोड. नवा टाक. आणि एकसुद्धा कडी ठेवू नको, तुझे अण्णा काहीही म्हणोत.

दुसऱ्या दिवशी ती सप्ताह कमिटीच्या बैठकीत गेली. कमिटीचा अध्यक्ष ज्ञानेश, तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. आता फाट्यावर त्याचा मोठा प्लॉट आहे, मागेपुढे माणसं आहेत. आवारात त्यानं गेल्या वर्षी वडिलांच्या स्मरणार्थ काळी चकचकीत ग्रॅनाइटची फरशी बसवली, मधोमध वडिलांचं नाव कोरून. फरशीवर पाण्याचा थेंब दिसला तरी तो स्वतः फडकं मारायचा. साळूबाईनं सांगितलं की यंदापासून माझ्या घराला मंडप बांधता येणार नाही, तुम्ही आवारात पक्के खांब रोवून घ्या. ज्ञानेशनं आधी समजुतीनं घेतलं. खांब रोवायचे तर फरशी फोडावी लागेल, पॉलिश जाईल, ग्रॅनाइटला तडा गेला तर तो जुळत नाही, आणि वडिलांची आठवण आहे ती.

"काकू, तुमच्या घराला देवाचा मंडप बांधला जातो हे तुमचं भाग्य हाय," तो म्हणाला. "गावात दुसऱ्या कुणाला मिळालं नाय ते."

"तुझ्या फरशीला भोक पडलं तर नुकसान, आणि माझ्या छताला पडलं तर भाग्य, होय रे?"

मागे कुणाला तरी हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. ज्ञानेशचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. तो म्हणाला, ठीक हे, आपण सप्ताह फाट्यावरच्या प्लॉटवर नेऊ, तिथं जागा बी लय हे आणि गाड्या लावायची सोय बी हे.

"फक्त तिथलं अण्णांना ऐकू येणार नाय," तो पुढे म्हणाला. "तेवढं तुमचं तुम्ही बघा."

वारकऱ्याची माळ गळ्यात असलेली दहा-बारा माणसं तिथं बसली होती. एकानंही मान वर केली नाही. असल्या वेळी वाटतं, आपण कीर्तनं ऐकतो ती कुठल्या कानानं? दया, क्षमा, शांती यांवर मृदंगाच्या तालात माना डोलावायच्या, आणि लुळ्या माणसाच्या खिडकीवर सौदा होत असताना फरशीकडे बघत बसायचं. साळूबाई उठली. नेहमीसारखी देवाच्या पाया पडली, पण घंटा वाजवली नाही.

ती गेल्यावर म्हाताऱ्या माणसांनी मधला मार्ग काढला. जागृत देवस्थानाचा सप्ताह फाट्यावर न्यायचा म्हणजे गावात दोन तट पडतील. त्यापेक्षा वाळू भरलेल्या पिंपांना दोर बांधू. ज्ञानेशनं नाइलाजानं मान डोलावली. पिंपांखाली फरशीला चरे पडू नयेत म्हणून गोणपाट अंथरायला लावलं.

इकडे स्लॅब तुटला. अण्णांची खाट वाटेच्या कडेच्या पत्र्याच्या गोठ्यात हलवली. गोठ्यात गाय नव्हती, पण तिथून आवार आणि घराचा जिना दोन्ही समोर दिसायचे. अण्णा बायकोशी बोलत नव्हते. ती भरवायला आली की तोंड उघडायचे आणि घास गिळला की भिंतीकडे बघायचे. ती म्हणायची, रागवा, रागवा, पण कोरड्या डोक्यानं रागवा. नवा स्लॅब टाकून झाला. अमोलनं वर सिमेंटच्या बारक्या वरंब्यांनी कांद्याच्या वाफ्यांसारखे वाफे करून त्यांत पाणी भरलं आणि बजावलं की स्लॅब अजून कच्चा आहे, खाली टेकू आहेत, वर कुणी जायचं नाही, ठोकाठोक तर अजिबात नाही. रोज उज्वला पाणी मारायची, आणि अमोल सिन्नरहून फोन करून विचारायचा.

सप्ताह बसला. दिवसाचे वीणेचे पहारे बायकांकडे असतात. दुपारचा पहारा साळूबाईचा. वीणा गळ्यात असली की बसायचं नाही, वीणा भुईला टेकवायची नाही, आणि तोंडातून नामाशिवाय प्रपंचाचा एक शब्द काढायचा नाही. पुढचा पहारेकरी येईपर्यंत घराला आग लागली तरी नाही. हा नेम तिला अण्णांनीच शिकवला होता. आणि वीणेकऱ्याच्या पाया पडल्याशिवाय पुढून कुणी जायचं नाही, मग तो अध्यक्ष असो नाहीतर गावचा सालगडी.

त्या दुपारी आभाळ अचानक काळवंडलं. चैत्रातलं वादळ, आधी नुसता वारा आणि वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून आलेली राख. मंडपाचं कापड पोटासारखं फुगलं. एक पिंप गोणपाटासकट घसरत गेलं, दुसरं कलंडलं आणि वाळू फरशीभर पसरली. माणसं दोर धरून ओरडायला लागली. उज्वला मागच्या बाजूला पंगत वाढत होती. पुढच्या पहाऱ्याची कुसाबाई वादळामुळे घरातच अडकली होती. साळूबाई डोळे मिटून नाम घेत होती, कारण वादळ आलं तरी वीणेकऱ्यानं डळमळायचं नसतं.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला. घशातून ओढून काढलेला, जनावरासारखा.

"नको. नको."

तिनं डोळे उघडले. अण्णा डावा हात वर करून घराकडे दाखवत होते. जिन्यानं दोन माणसं वर चढत होती. एकाच्या हातात ड्रिल मशीन, दुसऱ्याच्या हातात बोल्ट आणि दोराचं वेटोळं. खाली ज्ञानेश देवळाच्या बोर्डापासून लांब वायर सोडत होता आणि सांगत होता की दोनच भोकं पाडा, तात्पुरती, नंतर सिमेंटनं बुजवून देऊ.

ओरडावं तर वीणा गळ्यात. धावावं तर वीणा गळ्यात. आजूबाजूच्या टाळकरी बायकांना तिनं डोळ्यांनी खुणावलं, त्यांना वाटलं वाऱ्यानं डोळ्यात राख गेली. जन्मभराचा नेम आणि डोक्यावरचं छत, दोन्ही एकाच वेळी तिच्या गळ्यात अडकलं होतं.

मग साळूबाई चालायला लागली.

"राम कृष्ण हरी," म्हणत ती मंडपाबाहेर पडली. टाळकरी बायका गोंधळल्या. पण वीणा जिकडे जाते तिकडे टाळ जातात, म्हणून त्याही टाळ वाजवत मागे निघाल्या. कुणीतरी म्हणालं, वीणा मंडपाबाहेर कशी? एक म्हातारा टाळकरी म्हणाला, दिंडीत जाते तशी. वीणा खाली ठेवली नाय, नाम थांबलं नाय, मग चुकलं काय? आणि तोही मागे लागला.

गुडघे दुखणारी बाई एकेक पायरी नामावर चढत होती. नाम प्रेमानं घ्यावं असं सगळेच सांगतात. त्या दिवशी साळूबाईनं ते दात-ओठ खाऊन घेतलं. बैठकीत गिळलेलं, पोपड्याच्या भुकटीत सापडलेलं, नवऱ्याच्या फिरवलेल्या तोंडावर आदळलेलं सगळं त्या नामात होतं. देवानं तेही ऐकलं असणार. त्याला रागाची सवय आहे, तो स्वतःच कमी तापट नाही.

ती वर पोचली तेव्हा मशीनवाला एक वरंबा लाथेनं मोडून वाफ्यात उभा होता, चपला घालून. ती सरळ पाण्यात गेली आणि जिथं तो मशीन टेकवणार होता तिथं पाय रोवून उभी राहिली. नाम चालूच. मागून टाळ. मशीनवाल्यानं तिच्याकडे बघितलं, वीणेकडे बघितलं, चपला काढल्या, मशीन काखेत धरून वाकला आणि तिच्या पायांना हात लावला. दुसरा बोल्टवालाही वाकला. वाकल्यावर त्यांना तिथून मागे सरण्याशिवाय काही करता येईना.

ज्ञानेश धापा टाकत वर आला. आधी त्यालाही पाया पडावं लागलं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. मग तो समजावायला लागला. काकू, तात्पुरतं हाय. काकू, पब्लिकच्या अंगावर मंडप आला तर जबाबदार कोण? काकू, खाली चला, बसून बोलू. साळूबाईकडून उत्तर एकच, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात. शेजारच्या गच्च्यांवर माणसं गोळा झाली होती. नाम घेणाऱ्या बाईशी एकटाच भांडणारा माणूस कसा दिसतो हे ज्ञानेशला हळूहळू कळायला लागलं, आणि त्याचा आवाज बसत गेला. वरून पावसाचे टपोरे थेंब सुरू झाले, तशी कुणीतरी खाली मशीनची वायरच काढून टाकली.

शेवटी कुसाबाई भिजत आली. एकंदर प्रकार बघून तिनं काही विचारलं नाही. जिना चढून वर आली, साळूबाईच्या पाया पडली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. नाम न तुटता कुसाबाई वीणा घेऊन जिना उतरली, टाळ तिच्यामागे.

आता साळूबाईचं तोंड मोकळं होतं. गच्चीवर उरलेली माणसं खाली बघायला लागली. ज्ञानेशनं तर डोळेच मिटले.

"ते मशीन खाली ने," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण चढा नव्हता. "फरशीत भोकं पाड आणि कड्या बसव. तुझ्या बापाचं नाव सोडून पाड. त्यानं माझं काही वाकडं केलं नाय."

ज्ञानेशनं मोडलेल्या वरंब्याकडे बघितलं, त्यातून जिन्यावर वाहून चाललेल्या पाण्याकडे बघितलं, आणि मशीन स्वतःच्या हातात घेऊन उतरला. वारा पडल्यावर ग्रॅनाइटला पहिलं भोक त्यानंच पाडलं. पांढरी भुकटी उडाली, चकाकत्या काळ्या फरशीवर ती लांबूनही दिसत होती. तडा गेला नाही. साळूबाई जिन्यात बसून सगळी भोकं पडेपर्यंत बघत राहिली. मग मोडलेला वरंबा ओल्या सिमेंटनं नीट करायला पुन्हा वर गेली आणि मशीनवाल्याला शिव्या घातल्या त्या तिथं, एकटीनं, मनसोक्त.

हरिपाठाच्या वेळी मंडप पुन्हा ताठ उभा होता. गोठ्यातून सगळं ऐकू येत होतं, खिडकीतून येतं त्याहून जास्तच. साळूबाई भाकरी-दुधाची वाटी घेऊन नवऱ्याशेजारी बसली. त्यांच्यावरचा तिचा राग गेलेला नव्हता. इतक्या दिवसांचा राग एका दुपारीत जात नसतो. अण्णांनी घास घेतला. भिंतीकडे न बघता जिन्याकडे बघितलं.

"स्लॅबला... पाणी," ते म्हणाले. "मारलं?"

"आज देवानं मारलं," ती म्हणाली. "उद्या मी मारीन. खा आता."